कड्यावरची 'रानपोफळ': बेंटिंकिया कोंडापन्नाबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जानेवारीत तुम्ही केरळ-तमिळनाडूच्या सीमेवरचं अगस्त्यकूडम शिखर चढलात. अतिरुमलाचा मुक्काम सोडून वर निघाल्यावर समोरच्या उभ्या कड्यात, कपारीकपारीत पोफळीसारखी सडपातळ झाडं दिसली. सोबतचा वाटाड्या त्यांना 'काट्टुकमुकु' म्हणाला. मल्याळममध्ये काट्टु म्हणजे रानातलं आणि कमुकु म्हणजे पोफळ. तुम्हाला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: ही खरोखरच रानातली सुपारी आहे का, ती कड्यावरच का दिसते, आणि तिचं बी मिळवून आंबोलीतल्या तुमच्या जागेत लावता येईल का.

आधी सरळ उत्तरं देतो. ही सुपारी नाही. हिचं शास्त्रीय नाव बेंटिंकिया कोंडापन्ना. पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाला, केरळ आणि तमिळनाडूच्या डोंगरांत, साधारण १००० ते १८०० मीटर उंचीच्या सदाहरित रानात ती वाढते. त्याबाहेर जगात कुठेही ती निसर्गतः सापडत नाही. कड्यावर दिसते, कारण कडा सोडून इतरत्र ती फारशी उरलेली नाही. आणि बी आणू नका. हे तिसरं उत्तर तुम्हाला आवडणार नाही, म्हणून त्याची कारणं नीट लिहितो. पण ती पटायची तर आधी या झाडाची घडण कळायला हवी.

तुमचा फोटो लांबून काढलेला आहे, तरी ओळख पटण्याइतकं त्यात दिसतं. एकेकटं उभं, काटे नसलेलं खोड, जाडीला वितीहून थोडं कमी. त्यावर गळून गेलेल्या पानांच्या वणांची कडी. उंची फार नाही. हे झाड साधारण १० मीटरपर्यंत जातं. शेंड्याला पोफळीसारखाच गुळगुळीत हिरवा गळा. कोकणात ज्याला आपण पोफळीची विरी म्हणतो, ते पानाचे देठ-आवरण इथेही नळीसारखं खोडाला वेढून बसतं आणि एकावर एक अशा विऱ्यांचा हा गळा तयार होतो. फुलोरा गळ्याच्या आतून येत नाही. पान विरीसकट गळून पडलं की त्याखाली, उघड्या खोडावर दिसतो. तुमच्या फोटोत डावीकडच्या झाडावर गळ्याच्या खाली जो झुपका दिसतो, तो जुना फुलोराच आहे.

त्या डोंगरांत आणखी काही पाम आहेत, पण त्यांच्याशी गल्लत व्हायचं कारण नाही. भेरली माड तुम्ही आंबोलीतही पाहता. माशाच्या शेपटीसारखी त्याची पर्णिका दुसऱ्या कुणाची नाही. अरेंगा वाइटी झुंबाडं करून वाढतो आणि त्याच्या पानाची खालची बाजू राखाडी-रुपेरी असते. पिनांगा डिक्सोनाय मनगटाइतका बारीक, ओल्या दरीत, दाट सावलीत, कळपानं उभा असतो. वेताचं तर बोलायलाच नको. राहिली ती पोफळ. वाटाड्या तिला रानपोफळ म्हणाला यात त्याची काही चूक नाही. नाव ठेवताना माणूस ओळखीच्या झाडाकडेच पाहतो, आणि लांबून ही दोन्ही झाडं बहिणी वाटतात.

फरक कळतो तो फळ कापल्यावर. घरात अडकित्ता असेल तर सुपारी कातरून पाहा. आत पांढऱ्या गरात तपकिरी रेषांची नक्षी दिसते. बीचं आवरण आतल्या गरात घड्या घालत घुसतं, त्या घड्यांच्या या रेषा. बेंटिंकियाचं बी कापलं तर आत गर सलग, एकरंगी असतो. नक्षी नावालाही नाही. दुसरी खूण फळाच्या बाहेर आहे. कोणत्याही पामाच्या फळावर फुलातल्या कुक्षीचा वाळलेला ठिपका शिल्लक राहतो. बेड्यावर, म्हणजे सालासकट सुपारीवर, तो अगदी टोकाला असतो. बेंटिंकियाच्या फळावर तो टोकाला शोधलात तर सापडणार नाही. तो खाली, देठाच्या जवळ सरकलेला असतो. फळ वाढताना त्याची एक बाजू जास्त वाढते आणि मूळचं टोक वळून तळाशी येतं. फळं लहान, करवंदाएवढी, पिकल्यावर गडद होणारी. सुपारीसारखी चघळायची तर काहीच सोय नाही.

पण या झाडाचं खरं वेगळेपण फुलात आहे, आणि ते मला पहिल्यांदा दिसलं तो दिवस मी विसरलेलो नाही. कळक्काडच्या बाजूनं, तमिळनाडूच्या हद्दीत, वनखात्याची परवानगी घेऊन आम्ही तिघं एका कड्याच्या पायथ्याशी पोचलो होतो. झाडं डोक्यावर, हात पोचणं अशक्य. आदल्या रात्री वारा झाला होता आणि एक फुलोरा तुटून खाली दगडात अडकला होता. फांद्याफांद्यांचा, जाड काड्यांचा, लालसर-जांभळी झाक असलेला. मी भिंग लावलं तर काडीवर फूल एकही नाही! फुलं गळून गेली असावीत असं वाटलं. मग काडी उजेडात तिरपी धरली, तेव्हा दिसल्या भेगा. काडीच्या सालीत एकाखाली एक बारीक खाचा होत्या, आणि प्रत्येक खाचेला वर-खाली दोन ओठ, जवळजवळ मिटलेले. ब्लेडनं एक खाच उभी चिरली. आत तीन कळ्या दाटीवाटीनं बसलेल्या: मध्ये एक, दोन्ही अंगांना एकेक.

मधली मादी, कडेच्या दोन नर. ही तिघांची रचना या पामकुळातल्या पुष्कळ झाडांत असते. पोफळीत फांदीच्या तळाशी मोठी मादी फुलं आणि पुढे काडीभर बारीक नर फुलं दिसतात, ती सगळी काडीच्या वर, उघड्यावर. बेंटिंकियात मात्र सगळा संसार सालीच्या आत. नर कळ्यांची वेळ झाली की एक एक करून त्या ओठांतून बाहेर डोकावतात, उमलतात, गळून जातात. त्या संपल्यावर मादीची पाळी. तोवर ती आत सुरक्षित असते, पावसापासून आणि कळ्या कुरतडणाऱ्या किड्यांपासूनही. एकाच फुलोऱ्यात नर आधी आणि मादी नंतर असल्यामुळे त्या फुलोऱ्याचा पराग त्याच फुलोऱ्यातल्या मादीला सहसा मिळत नाही. दुसऱ्या फुलोऱ्याचा, बहुधा दुसऱ्या झाडाचा लागतो. हा मुद्दा लक्षात ठेवा. कड्यावर एकटं उरलेलं झाड पाहून 'चला, एक तरी आहे' असं आपल्याला वाटतं. झाडाच्या दृष्टीनं त्या एकटेपणाची किंमत मोठी असते.

खाचांत फुलं लपवण्याची ही रीत आणखीही काही पामांनी स्वतंत्रपणे अंगीकारली आहे. अमेरिकेतल्या जिओनोमा वंशात ती आहे. आपल्या नर्सऱ्यांत लाल देठांचा लिपस्टिक पाम मिळतो, त्याच्या फुलोऱ्यातही उथळ खाचा असतात. या साम्यामुळे जुने वनस्पतिशास्त्रज्ञ फसले आणि तो लिपस्टिक पाम काही काळ 'बेंटिंकिया रेंडा' म्हणून नोंदला गेला. आज तो वेगळ्या वंशात आहे. बेंटिंकिया वंशात दोनच जाती उरल्या: ही घाटातली, आणि दुसरी निकोबार बेटांवरची, तिच्याकडे शेवटी येतो.

नावाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगायलाच हवं. हा बेंटिंक म्हणजे शाळेच्या इतिहासात सतीबंदीच्या कायद्यापाशी भेटतो तोच लॉर्ड विल्यम बेंटिंक. १८२९च्या त्या कायद्याच्या आधी, १८०३ ते १८०७ या काळात तो मद्रासचा गव्हर्नर होता. मद्रासमधले डॉक्टर अँड्र्यू बेरी यांनी हे नाव दिलं आणि वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांच्या 'फ्लोरा इंडिका' या ग्रंथात ते १८३२ साली, रॉक्सबर्ग वारल्यानंतर, छापून आलं. जातीचं नाव मात्र स्थानिक बोलीतून घेतलं. त्यातला 'पन्ना' म्हणजे तमिळ 'पनै', ताड. इथे एक सावधगिरी: मलबारच्या वनस्पतींवरच्या, सतराव्या शतकातल्या 'होर्तुस मलाबारिकुस' या ग्रंथात 'कोड्डा-पन्ना' असा एक ताड आहे. तो हा नव्हे. तो ज्याच्या पानांच्या छत्र्या करत तो थोरला ताड, कोरिफा. एका अनुस्वारासारख्या फरकामुळे या दोघांच्या माहितीची खिचडी झालेली मी अनेकदा पाहिली आहे, तेव्हा शोधताना जपा.

आपल्या मुंबईचा या झाडाशी एक पक्का धागा आहे. सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवणारे स्वित्झर्लंडचे फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी भारत आणि सिलोनच्या पामांवर लेखमाला लिहिली; ती १९१० पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात येत गेली आणि १९२६ साली ग्रंथरूपात आली. भारतातल्या पामांवर काम करणारा कुणीही त्या ग्रंथापासून सुरुवात करतो. मीही केली. पामांवर काम करणारे इतके कमी का, याचं कारण अगदी व्यावहारिक आहे. हर्बेरियमचा, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचा, कागद हातभर लांबीचा आणि पामाचं एक पान माणसाएवढं. मग पान टोक, मधला भाग आणि तळ असं तीन तुकड्यांत कापायचं, पर्णिका घड्या घालून दाबायच्या, दर दिवशी टिपकागद बदलायचा, विरीचा रंग ओली असतानाच वहीत लिहायचा, कारण वाळल्यावर सगळं तपकिरी. फळं आणि फुलोरा वेगळे, काही स्पिरिटच्या बाटलीत. एका झाडापायी अख्खा दिवस जातो. त्या दिवसात दुसरा माणूस चाळीस झुडपांचे नमुने गोळा करून मोकळा होतो. जुन्या संग्रहांत पाम कमी दिसतात ते त्यामुळे. आणि ज्याचे नमुने कमी, त्याच्याकडे लक्ष जायलाही उशीर होतो.

आता कड्याचा प्रश्न. याला मी सर्वांत जास्त जागा देणार आहे, कारण इथेच बहुतेकांची समजूत चुकते.

कड्यावर झाड दिसलं की आपण म्हणतो, 'याला कडाच मानवतो.' बेंटिंकियाला कडा चालतो, हे खरं. तिथे धुकं येऊन थडकतं, खडकाच्या भेगांतून पाणी झिरपत राहतं, मुळांशी पाणी तुंबत नाही, आणि वरून उजेड मिळतो. पण चालणं वेगळं आणि लागणं वेगळं. रानाच्या आत, कमी उताराच्या जमिनीवर, कुलेनिया आणि पालाक्वियमच्या मोठ्या झाडांखालीही मी बेंटिंकियाची झाडं पाहिली आहेत. अगदी मोजकी, पण खोडं सरळ, कड्यावरच्यापेक्षा धष्टपुष्ट. म्हणजे सपाटी त्यांना वावगी नाही. मग तिथे ती इतकी विरळ का?

पहिलं कारण हत्ती. पामाच्या शेंड्यात, त्या हिरव्या गळ्याच्या आत, कोवळा पांढरा गाभा असतो. तो हत्तीला फार आवडतो. तुम्ही सिंधुदुर्गाकडचे, तेव्हा हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. २००२च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात उतरले, तेव्हापासून माड आणि केळी उभ्या चिरून आतला गाभा खाल्लेल्या बागा तिथल्या माणसांनी पाहिल्या आहेत. बेंटिंकियाचं खोड माडापेक्षा कितीतरी बारीक. हत्तीला ते मोडायला सोंडेचा एक हिसका पुरतो. जिथवर हत्तीचा पाय पोचतो तिथवर हे झाड विरळ, आणि जिथे पाय ठेवायला जागा नाही त्या कपारीत ते दाट, हे या झाडाचा अभ्यास करणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा नोंदलं आहे. मी स्वतः एका खिंडीत मोडलेली तीन खोडं पाहिली. गळे सोलून नेलेले, खालचं खोड उभं, वर काही नाही.

ते उरलेलं खोड पुन्हा फुटत नाही. आंबा तोडला तर बुंध्यातून फुटवे येतात, कारण त्याच्या सालीखाली वाढणाऱ्या पेशींचा थर असतो आणि जागोजागी झोपलेले डोळे असतात. पामाला तसा थर नाही. एकखोडी पामाला वाढणारा डोळा एकच, शेंड्याच्या गाभ्यात. जो भाग हत्तीला गोड लागतो, तोच झाडाचा जीव. तो गेला की झाड संपलं. महिन्याभरात वरची पानं पिवळी पडतात आणि खोड जागेवर कुजतं. माणसानं गाभ्याची भाजी करायला झाड तोडलं तरी हिशेब तोच.

शिवाय नुकसान भरून यायला लागणारा वेळही मोठा. खोड एकदा वर सुटलं की पामाला ते फारसं जाड करता येत नाही, म्हणून पुढची सगळी जाडी आधीच, जमिनीलगत असतानाच कमवावी लागते. त्या काळात रोपाला खोड दिसतच नाही. नुसता पानांचा झुपका, आणि त्याच्या आत दरवर्षी थोडा रुंद होत जाणारा बुड. वर्षानुवर्षं तो झुपका तसाच दिसतो. बघणाऱ्याला वाटतं रोप खुंटलंय. ते खुंटलेलं नसतं, पाया भरत असतं. खोडावरची कडी मोजून वय काढता येईल असं अनेकांना वाटतं. त्या वणांत ही बैठी वर्षं मोजलीच जात नाहीत. शिवाय वर्षाला किती पानं गळतात हे त्याच ठिकाणी खुणा करून पाहिल्याखेरीज वणांवरून वर्षं सांगू नयेत. मी स्वतः कधीच वय सांगत नाही, फक्त कडी मोजून लिहितो.

दुसरं कारण माणूस, आणि माझ्या मते तेच मोठं. हत्ती आणि हे झाड हजारो वर्षं शेजारी राहिले आहेत. हत्ती एका दरीतली झाडं मोडायचे, दुसऱ्या दरीतली राहायची, आणि बिया पुन्हा पसरायच्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या डोंगरांत आधी कॉफी आली, मग चहा, आणि वेलदोड्याचे मळे पसरले. नेमका १००० ते १५०० मीटरचा पट्टा, नेमके मध्यम उतार. तुम्ही बोनाकाडहून चढायला सुरुवात केलीत, तिथले ओसाड पडलेले चहाचे मळे पाहिले असतील. चहासाठी रान सरसकट कापलं गेलं. वेलदोड्यासाठी मोठी झाडं ठेवली, पण सावलीतलं सगळं खालचं रान साफ केलं, आणि त्या साफसफाईत बेंटिंकियाचे ते बैठे झुपके गवतासारखे निघाले. सपाटीवरचं घर गेलं, हत्तींनाही उरलेल्या रानात कोंडलं गेलं, आणि या झाडाला उरला तो कडा.

म्हणून कड्यावरची झाडं बघून मला कधी निर्धास्त वाटत नाही. बी घरंगळत खाली जातं, वर जात नाही. कड्याच्या पायथ्याशी रुजलेलं रोप पुन्हा हत्तीच्या वाटेवर असतं. कपारीत किती झाडं मावणार याला मर्यादा आहे. उन्हाळ्यात गवताला लागलेली आग कड्यावर चढते, आणि एखादी दरड कोसळली तर अख्खा समूह एका पावसात जातो. आंतरराष्ट्रीय लाल यादीत या जातीची नोंद 'असुरक्षित' म्हणून आहे. शब्द सौम्य वाटतो, पण त्याचा अर्थ असा की नामशेष होण्याच्या वाटेवरच्या तीन पायऱ्यांपैकी पहिलीवर ती उभी आहे.

आता आंबोली. तुमचा युक्तिवाद असा की आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, धुकं असतं, लाल माती आहे, मग का नाही जगणार? पावसाचा आकडा फसवतो. झाडाला एकूण किती पडला यापेक्षा किती महिने पडला नाही, हे जास्त भोगावं लागतं. अगस्त्यमलैच्या, म्हणजे अगस्त्यकूडमभोवतीच्या, डोंगरांना नैर्ऋत्य मोसमी पाऊस मिळतो, तो सरला की ईशान्य मोसमी पाऊस येतो, आणि मार्चनंतर वळवाच्या सरी सुरू होतात. कोरडे महिने जेमतेम दोन-तीन. आपल्याकडे सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात ओतून जातो आणि मग सहा-सात महिने आभाळ कोरडं. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेतले जाँ-पिएर पास्कल यांनी घाटाच्या सदाहरित रानांचा अभ्यास करून हेच दाखवलं: दक्षिणेकडून उत्तरेकडे येताना कोरडे महिने वाढत जातात आणि फक्त घाटातच सापडणाऱ्या झाडांची संख्या त्या प्रमाणात घटत जाते. बेंटिंकियानं पालक्काडची खिंडसुद्धा उत्तरेला ओलांडलेली नाही. तिला महाबळेश्वर नको, आंबोलीही नको. ठिबक लावून, सावली करून एखादं रोप तुम्ही चार वर्षं जगवाल. मी तसं करून पाहिलेली माणसं ओळखतो. पाचव्या उन्हाळ्यात, मोटर बंद पडलेल्या एका आठवड्यात, ते जातं.

बियांचंही तसंच. सदाहरित रानातल्या पामांचं बी वाळवून ठेवता येत नाही. गहू-ज्वारीचं बी वाळलं की टिकतं. यांचं बी वाळलं की मरतं. गर धुऊन लगेच ओल्या सावलीत पेरावं लागतं, आणि रुजायलाही वेळ लागतो. खिशात घालून दोन दिवसांच्या प्रवासानं आणलेल्या मूठभर बियांतून तुमच्या हाती फारसं काही लागणार नाही, पण त्या कपारीतली एका वर्षाची पिढी तेवढी कमी होईल. आणि कायदाही आहेच. तुम्ही गेलात तो सगळा भाग अभयारण्यांचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवानगीशिवाय तिथून काहीही उचलता येत नाही, पडलेलं फळसुद्धा. हे झाड जवळून, हात लावून पाहायचं असेल तर पालोडच्या जवाहरलाल नेहरू ट्रॉपिकल बोटॅनिक गार्डनला किंवा पीचीच्या केरळ वन संशोधन संस्थेला पत्र टाका. दोन्हीकडे पामांचे चांगले संग्रह आहेत, आणि भेट देण्याआधी विचारलं की दाखवायला माणूस देतात असा माझा अनुभव आहे.

'बेंटिंकिया' नावाची रोपं तुम्हाला एखाद्या नर्सरीत दिसतील. ती बहुतेक वेळा बेंटिंकिया निकोबारिका असतात, म्हणजे निकोबारची बहीण. ती उंच वाढते, समुद्रसपाटीजवळच्या दमट उष्ण हवेत रमते आणि वनस्पती उद्यानांत बरीच लावलेली आहे. तीही तिच्या बेटांवर धोक्यात आहे, पण उद्यानातल्या झाडांच्या बियांपासून केलेलं रोप घेण्यात काही गैर नाही. वेंगुर्ला-मालवणच्या किनाऱ्यावर पाणी देऊन ती चांगली होईल. आंबोलीच्या थंडीत आणि कोरड्या उन्हाळ्यात मी ती लावणार नाही.

तुमच्या जागेत पाम हवाच असेल तर भेरली माड लावा. तो तिथलाच आहे, उन्हाळा सोसतो, त्याची फळं धनेश आणि उदमांजरं खातात. आयुष्यभर वाढून तो एकदाच फुलतो, वरून खाली येत वर्षानुवर्षं फुलत राहतो आणि मग मरतो, तेव्हा एक लावू नका. दर दोन-तीन वर्षांनी दोन-चार लावत जा. फळं हाताळताना हातमोजे घाला, गराला फार खाज असते.

आणि पुन्हा अगस्त्यकूडमला गेलात तर कड्यावरच्या झाडांचे फोटो पुरे. कड्याच्या बुडाशी, वाट जिथे खडकाला चिकटून जाते तिथे, खाली वाकून बघा. बेंटिंकियाच्या रोपाचं पहिलं पान पुढच्या पानांसारखं नसतं. ते एकच पातं असतं, टोकाला दुभंगलेलं, पाकोळीच्या शेपटीसारखं. तसं पान दिसलं तर त्याच्या शेजारी आगपेटी ठेवून फोटो काढा, किती रोपं आहेत ते मोजा, कड्यापासून अंतर पावलांत लिहा आणि मला पाठवा. त्या वाटेवरून दर हंगामात शेकडो माणसं चढतात आणि सगळी वर बघत चालतात, त्यामुळे रोपांची नोंद माझ्याकडे फारच थोडी आहे. चालताना मागच्या मंडळींनाही सांगा, विसाव्याला बसताना आधी जागा पाहून घ्या म्हणून.